श्वास सोडल्यावरचं माप

परत आल्यापासून वसतिगृहात जी भेटते ती विचारते, बालाघाटला पाहण्यासारखं काय आहे? मला नीट उत्तर देता येत नाही. मी तिथे ऐकायला गेले होते. पाच दिवसांत कापलेली धानाची शेतं पाहिली, घाट पाहिला, तांब्याची खाणही लांबून पाहिली, पण आठवतात ते आवाज. तेवढंच मी सांगू शकेन.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी का गेले ते कळणार नाही. मी नागपूरला कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पुढे. बाबा गवंडीकाम करतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आईचं माहेर सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजी तहसीलीत. खैरलांजी म्हटलं की आमच्याकडची माणसं क्षणभर गप्प होतात. ते हत्याकांडाचं गाव आमच्या जिल्ह्यातलं. हे दुसरं, फक्त नाव सारखं.

गेल्या वर्षी मी एक प्रोग्राम करायला घेतला. माणसाचं बोलणं ऐकून तो लिहून काढेल, असा. असे प्रोग्राम आहेत, पण माझ्या आईचं बोलणं ऐकलं की ते गडबडतात. मला आमच्या भागातल्या बोलण्यासाठी हवा होता. त्यासाठी आधी पुष्कळ माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, मग कुणीतरी ते ऐकून लिहायचं, आणि आवाज व लिखाण दोन्ही प्रोग्रामला दाखवायचं. त्यावरून तो शिकतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिनाभर मामाकडे राहिले. गावातल्या सात मुलींना सकाळी कॉम्प्युटर शिकवायचा आणि दुपारी त्यांनी हेडफोन लावून ऐकलेलं लिहायचं, असा क्रम होता. त्यांची शाळा हिंदी. मराठी घरात बोलतात, पण लिहिली कधी नव्हती. ते लिहायलाही मीच शिकवलं.

दिवाळीनंतर दोन चांगल्या गोष्टी एका आठवड्यात झाल्या. विद्यार्थ्यांच्या एका परिषदेसाठी माझा शोधनिबंध निवडला गेला, आणि मुलींना शिकवल्याबद्दल कॉलेजने प्रशस्तिपत्र दिलं. विभागाच्या फलकावर माझा फोटो लागला. बाबांनी तो मोठा करून घेतला आणि घरात दाराच्या समोरच्या भिंतीवर लावला.

त्यानंतरच्या रविवारी घरी गेले तेव्हा मी आईसमोर प्रोग्राम लावला. बोल काहीतरी, म्हटलं. ती म्हणाली, "मले भूक नाई." पडद्यावर उमटलं: मला भूक नाही. आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, "बाप्पा, माह्यापेक्षा चांगलं बोलते हे."

मी हसले. परतीच्या बसमध्ये मात्र ते वाक्य मनातून जाईना. नागपूरला पोचल्यावर मुलींनी लिहिलेल्या सगळ्या फायलींत मी एकच शब्द शोधला, 'मले'. एकदाही सापडला नाही. मग रेकॉर्डिंग ऐकली. काहींमध्ये माणसं चक्क 'मले' म्हणत होती आणि लिहिलेलं होतं 'मला'. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये माणसंच पुस्तकातल्यासारखी किंवा हिंदीत बोलत होती. प्रोग्रामची परीक्षाही मी याच लिखाणावर घेतली होती. उत्तरपत्रिकेत जी चूक, तीच नमुना उत्तरात. गुण चांगले मिळणारच.

मी मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. निबंधाची शेवटची प्रत द्यायला दहा दिवस उरले होते. त्या म्हणाल्या, 'लेखन प्रमाण मराठीत केले आहे' असं एक वाक्य टाकलंस तरी चालेल, कुणी विचारणार नाही. नाहीतर जाऊन बघ नेमकं काय झालंय. नाव तुझं आहे, ठरव तू.

मी दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये बसले.

मामाचं गाव

राज्य बदललं हे दुकानांच्या पाट्यांवरून कळतं, शेतांवरून नाही. तेच धान, तेच बांध, खळ्यावर तसेच भारे. पाटीवरचा 'दुरुस्ती' हा शब्द जाऊन 'सुधार' येतो, एवढंच. नागपूरला पोह्यांवर तर्री घालतात. इथे स्टँडवरच्या टपरीत पोह्यांबरोबर जिलेबी देतात, आणि मी नको म्हटलं तर टपरीवाल्याने मी आजारी आहे का असं विचारलं.

मामीने चिन्नोरचा भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते. चिन्नोर शिजला की त्याचा वास अंगणापर्यंत येतो. घरी आम्ही तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. मामीने माझ्यासाठी काढला तेव्हा बरं वाटलं आणि थोडं वाईटही. म्हणजे मी आता पाहुणी झाले.

दुपारी सातही मुली आल्या. फलकावरचा फोटो त्यांना मामाने फोनवर दाखवला होता. यामिनी म्हणून एक आहे, बारावीतली, सगळ्यांत चटपटीत. तिने विचारलं, दीदी, फोटोत आमचं लिहिलेलं का नाही दिसत? मी लॅपटॉप उघडला आणि एक रेकॉर्डिंग लावली. तिच्याच आजीचा आवाज होता. 'मले त डोळ्यानं दिसत नाई.' खाली यामिनीने लिहिलेलं होतं, 'मला तर डोळ्यांनी दिसत नाही.'

आजी काय म्हणते, मी विचारलं.

"मले म्हणते."

"मग तू मला का लिहिलंस?"

ती इतर मुलींकडे पाहू लागली. मग तिने दप्तरातून उन्हाळ्यातली वही काढली आणि पहिलं पान माझ्यापुढे धरलं. पानावर तिच्या हाताने पाच ठिकाणी 'मले' लिहिलेलं होतं आणि पाचही ठिकाणी लाल पेनाने खोडलेलं होतं. वर माझ्या अक्षरात होतं, 'मला'. पानाच्या शेवटी 'छान, पण शुद्ध लिहा' असा शेरा आणि माझी सही.

"तुमीच लाल केलतं दीदी," ती म्हणाली. "मंग आमी सगळ्याइनं तसंच केलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटत होतं, मी विसरले असेन. मी खरंच विसरले होते.

पहिल्या वर्षाला असताना मी वर्गात उभी राहून म्हटलं होतं, "सर, मले समजलं नाही." मागच्या बाकावरून हसू आलं आणि मग वर्षभर दोन मुलं मला पाहिली की 'मले, मले' करायची. त्या सुट्टीत मी खोलीत आरशासमोर 'मला' म्हणण्याचा सराव केला. माझं बोलणं सुधारलं असं सगळे म्हणाले. मग मी तो लाल पेन इथे घेऊन आले, आणि त्याचंच मला प्रशस्तिपत्र मिळालं.

मी मुलींना म्हटलं, चूक माझी आहे. त्यांना ते पटलं नाही. शिकवणाऱ्याची चूक असते, हे त्यांनी आधी ऐकलेलं नव्हतं.

टेप

मामा शिंपी आहे. त्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, एक मशीन, एक टेबल आणि भिंतीवर न नेलेले कपडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे बसून नवी रेकॉर्डिंग करून पाहिली. गिऱ्हाईक आलं की मी फोन दाखवायची, काम सांगायची, परवानगी घ्यायची आणि म्हणायची, बोला काहीही. एक शेतकरी आले होते, पँट शिवायला. मामाशी धानाच्या मळणीवरून मजेत बोलत होते. मी फोन समोर ठेवला तसे ताठ बसले आणि म्हणाले, "आदरणीय सर्व ग्रामवासी बंधू आणि भगिनींनो."

मामा हसला नाही. ते गेल्यावर कात्री खाली ठेवून म्हणाला, "बाई, तू पोट अंदर घेतलेलं माप घेऊन राह्यली."

मला कळलं नाही.

"टेप कमरेले लावली का माणूस श्वास वढून पोट अंदर घेते. राजा असो का रंक. तेच माप घेतलं तं पँट घरी गेल्यावर बसत नाई, अन् शिव्या शिप्याले. म्हणून मी टेप लावतो अन् आकडा पाहातच नाई. लेकराइचं विचारतो, बैलाचं विचारतो. बोलता बोलता त्यानं श्वास सोडला का मंग पाहातो."

"आणि नाहीच सोडला तर?"

"तं चा मागवतो."

मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या अभ्यासक्रमात माहिती गोळा करण्यावर एक पूर्ण प्रकरण आहे, त्यात हे नव्हतं. मामाने दुकानावर 'दो दिन बंद' अशी चिठ्ठी लावली आणि म्हणाला, चल, तुले माणसं दाखवतो. लग्नाचे कपडे पडून होते. मामी दारातून म्हणाली, नवरदेवाले आता भाचीचा निबंध नेसवजा.

परसवाडा

परसवाड्याला बाजाराचा दिवस होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. हिंदी, मराठी, गोंडी, सगळं एकमेकांत मिसळून चाललेलं. आमच्याकडच्या बाजारात विकणारा ओरडतो. इथे बायका माल मांडून शांत बसतात, गिऱ्हाईक समोर उकिडवं बसतं, आणि मग हळू आवाजात घासाघीस होते. भांडणसुद्धा कुजबुजल्यासारखं.

लाखोरीची डाळ विकणारी एक म्हातारी शेजारणीशी बोलत होती. "काहून आली नाई तुही सून?" असं काहीतरी. मला इतका आनंद झाला की मामाने सांगितलेलं विसरून मी सरळ फोन पुढे केला. तिने पदर नीट केला, फोनकडे पाहिलं आणि हिंदीत स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, वॉर्ड क्रमांक आणि आधार कार्डावर नाव चुकलं आहे हे सांगितलं. मग अंगठा पुढे केला.

मी म्हटलं, हे सरकारी योजनेचं नाही.

"तो फिर मशीन काहे को लाई?" तिने विचारलं.

तिच्याकडे जी मशीन येते ती काहीतरी तपासायला येते. तिच्यासमोर जपूनच बोलायचं असतं. मी तिच्याकडून डाळ घेतली. वजन करताना ती शेजारणीला मराठीत म्हणाली, "पोरगी चांगली आहे, पण हिले काय पाहिजे ते हिलेच मालूम नाई." ते रेकॉर्ड झालं नाही. फोन मी खिशात ठेवला होता.

मामा दिवसभर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्यावर रागवावं इतकी मी मोठी नाही.

मलाजखंड

घाट चढून वर गेलं की हवा एकदम थंड होते. सालाची झाडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ उभी. मग अचानक कंपनीची वसाहत लागते, सारखी घरं, सारखे दरवाजे, रस्त्याला दुभाजक. लांबून खाण दिसली. एक डोंगर उलटा करून जमिनीत दाबल्यासारखा खड्डा, त्याला पायऱ्या, आणि पायऱ्यांवर मुंग्यांएवढी वाहनं. तांबं लाल असतं असं वाटायचं, इथे दगडावर हिरवट डाग होते.

मामाच्या मित्राचे वडील गजभिये आजोबा या खाणीत डंपर चालवायचे. निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. दारात मामाने 'जय भीम' म्हटलं आणि त्यांनी मला आधी विचारलं, कोणत्या गावची. गावाचं नाव सांगितल्यावर तिथल्या तलावात पाणी आहे का, असं विचारलं. चाळीसेक वर्षांत गेले नसावेत, पण तलाव त्यांच्या बोलण्यात कालचा होता.

मी फोन टेबलावर ठेवला, तो सुरू आहे हे सांगितलं आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. तरी आजोबा सुरुवातीला म्हणाले, "माझा जन्म एका गरीब कुटुंबात झाला." स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, "हे काहून भाषण देऊन राह्यले? पोरीनं हार आणला का?"

आजोबांनी चहाचा कप उचलला. त्यांची नात कॉलेजला जाते, ती बाजूला बसली होती. तिने मला हिंदीत विचारलं की या प्रोग्रामचा उपयोग काय. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भोंगा वाजला. घरात कुणी हललं नाही. मग जमिनीखालून धक्का आला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि माझ्या हातातला चहा माझ्याच ओढणीवर सांडला. मी काहीतरी ओरडले. सगळे हसायला लागले. रोजचा सुरुंग होता.

आजी कापड घेऊन बाहेर आल्या आणि माझी ओढणी पुसत बोलायला लागल्या. लग्न होऊन त्या नव्याने आल्या तेव्हा पहिल्या सुरुंगाला त्या खाटेखाली शिरल्या होत्या. आजोबा म्हणाले, "नुसती शिरली नोती, भात घेऊन शिरली होती. म्हणे, मरू तं जेवून मरू." आजी म्हणाल्या, यायले सारंच खोटं आठवते. मग दोघं भांडले, मामा मधे पडला, त्यालाही दोन शब्द बसले. चहा पुन्हा आला. मी फोनकडे एकदाही पाहिलं नाही.

निघताना आजोबांनी मला थांबवलं. नात आत गेली होती. ते म्हणाले, "हिले आमचं समजते, पण हे बोलत नाई. आमी गेलो का इथं कोणी असं बोलणार नाई. तुह्या मशीनले तं येईन ना बोलता?"

बोलता नाही, लिहिता येईल, मी म्हटलं. पण आधी मलाच ते नीट लिहावं लागेल.

"मंग लिही," ते म्हणाले. "सुधरवजो नको."

परत मामाच्या गावी

पाचव्या दिवशी सकाळी मामा लग्नाच्या कपड्यांना बसला आणि मुली अंगणात लॅपटॉपभोवती बसल्या. मी नवा नियम सांगितला. जसं ऐकू येईल तसं लिहायचं, एक मात्राही बदलायची नाही. लाल पेन मी मुद्दाम आणला नव्हता.

यामिनीने विचारलं, "अन् नागपूरचे लोकं हसले तं?"

हसणार नाहीत असं सांगावंसं वाटलं. पण या मुलींना मी एकदा चुकीचं शिकवलं होतं. मी म्हटलं, हसतील काही जण. तेव्हा मला वाईट वाटेल. पण ते लिहिणं चुकीचं नसेल.

तिने मान डोलावली आणि हेडफोन लावला.

जुन्यातली थोडी रेकॉर्डिंग त्यांनी पुन्हा लिहिली, आणि मी त्या खऱ्या लिखाणावर प्रोग्रामची परीक्षा पुन्हा घेतली. तो सपशेल नापास झाला. दर वाक्यात अडखळत होता. मला वाटलं होतं तसंच झालं, तरी तो आकडा मी दोनदा तपासला. मी अंगणाच्या टोकाला जाऊन मॅडमना फोन केला आणि सांगितलं की निबंध मागे घ्यायचा आहे. त्या म्हणाल्या, पुढच्या परिषदेपर्यंत तू पदवी घेऊन गेलेली असशील, हे लक्षात आहे ना? मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, चूक कशी सापडली तेही लिहून ठेव, ते वाचायला मला आवडेल.

दुसरा फोन बाबांना. त्यांना शोधनिबंध म्हणजे काय हे मी कधी नीट सांगू शकले नव्हते. त्यांनी विचारलं, "नापास झाली का तू?"

"नाही बाबा. माप चुकलं होतं. पुन्हा घ्यायचं आहे."

"मंग फोटो ठेवू का काढू?"

मी म्हटलं, असू द्या, पण कुणी विचारलं तर काम चालू आहे म्हणा. ते म्हणाले, काम तं माह्यंबी चालूच असते.

अंगणात परतले तर मुली खुसखुसत होत्या. यामिनी मलाजखंडची रेकॉर्डिंग लिहीत होती. भोंगा कसा लिहायचा यावर त्यांचा वाद झाला होता आणि शेवटी तिने कंसात 'भोंगा' लिहिलं होतं. तिने एक हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "दीदी, हे आयका. कोन आहे?"

भोंगा वाजला, मग धक्का, काचांचा आवाज, कप बशीवर आदळल्याचा आवाज. आणि एक बाई घाबरून ओरडली, "आई व, मले वाटलं घरच पडून राह्यलं!"

तो आवाज मी ओळखला नाही. आधी वाटलं आजी आहेत. मग मागून सगळ्यांचं हसणं आलं आणि कळलं.

वर्गातल्या त्या हसण्यानंतर मी 'मले' हा शब्द घराबाहेर उच्चारला नव्हता. अलीकडे तर घरातही नाही.

यामिनीने वहीवर 'दीदी' असं बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं. पुढे जागा कोरी होती. पेन टेकवून ती माझ्याकडे बघत होती. बाकीच्या मुलीही बघत होत्या. आत मामाचं मशीन थांबलं होतं.

"दीदी, हे तुमचं आहे," ती म्हणाली. "जसं आयकलं तसंच लिहू?"

मी श्वास सोडला.

"हौ," म्हटलं. "तसंच लिही."